समधात

वैजयंता चौगुलेच्या व्हॅनमधली पोरं हल्ली रडेनाशी झाली होती, आणि तिला नेमकी त्याचीच धास्ती वाटायची. दुसरी कुणी असती तर देवाला हात जोडले असते. मिरजेच्या गल्लीबोळांतून वर्षानुवर्षं शाळेची पोरं ने-आण करणाऱ्या बाईला विचारा रडं म्हणजे काय असतं ते! पण आता पोरं शहाण्यासारखी चढायची, शहाण्यासारखी उतरायची. भांडण नाही, चिमटे नाहीत, 'काकू, हा बघा ना' नाही. आरशात पाहिलं तर मागं सगळी कशी पाटावर मांडल्यासारखी बसलेली.

त्या सोमवारी एक पोरगी व्हॅनमधून उतरली आणि वळून बघता बघता रस्त्याच्या मधोमध गेली. समोरून ट्रक आला, ड्रायव्हरनं हॉर्नवर तळहात दाबून धरला. पोरगी जागच्या जागी उभी राहून ट्रककडं बघत राहिली, जशी दुकानातली बाहुली बघावी. वैजयंतानं धावत जाऊन तिला दप्तरासकट मागं ओढलं. वैजयंताच्या छातीत धाडधाड होत होतं. पोरीनं खाली बघितलं आणि म्हणाली, "काकू, शर्ट चुरगळला."

तिच्या दंडात समधात होती. तशी सगळ्यांच्याच होती.

वालाच्या दाण्याएवढं यंत्र ते. दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवायचं, मुंगी चावल्याएवढं दुखतं. करतं काय, तर माणसाच्या अंगातल्या ग्रंथींची राखण. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका, गळ्यात अवटू, म्हणजे आपलं थायरॉइड, पोटात स्वादुपिंड, दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. यांचा रस नळीतून वाहत नाही, थेट रक्तात उतरतो, आणि तोही इतका कमी की हौदभर पाण्यात साखरेचे दोन कण टाकावेत. पण तेवढ्यावर माणूस वाढतो, झोपतो, चिडतो, पोराला पाजतो. सगळा कारभार निरोपांवर चालतो. एकीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला, आणि काम झालं की उलटा निरोप: बास आता.

समधात हे निरोप मध्येच वाचायची. साखर वाढली, घाल थेंब. थायरॉइड उतरलं, घाल थेंब. पाळी सणावारी येतेय, ढकल पुढं. पूर्वी गौरी-गणपतीच्या आधी औषधाच्या दुकानात गोळ्यांसाठी रांग लागायची, आता बायका मोबाइलवर तारीख सरकवायच्या. आणि ताण? ट्रक अंगावर आला की मेंदू अधिवृक्कांना जी बोंब मारतो ना, ती यंत्र अर्ध्या वाटेतच गिळायचं. समधात बसवलेला माणूस घाबरत नसे. रक्तदाब, हृदयविकार निम्म्यावर आले, मग कोण कशाला तक्रार करतोय?

वैजयंतानं मात्र ते बसवून घेतलं नव्हतं. तिशीत गाठ झाली म्हणून तिची अवटू काढून टाकली होती. तेव्हापासून सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, की दिवस सुरू. "माझी एक ग्रंथी गेली ती गेली," ती म्हणायची, "उरलेल्या तरी माझ्या मला राहू देत."

* * *

लेक ईश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई शंतनू मालवाहू जहाजावर, कुठल्याशा समुद्रात; फोन लागला तर लागला. त्यामुळं घरात दोघीच. वैजयंतानं डिंकाचे लाडू करून ठेवले, मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, आणि माळ्यावरून काशाची थाळी काढून चिंचेनं लख्ख घासली.

"ही कशाला?" ईश्वरीनं विचारलं.

"बाळ जन्मलं की त्याच्याजवळ वाजवायची. म्हणजे पोर पुढं कुठल्या आवाजाला भीत नाही."

"आई, आता कोण भितं गं?" ईश्वरी हसली आणि तिनं दंड दाखवला.

वैजयंता थाळी पुसत राहिली. ही थाळी तिनं वाजताना दोनदा ऐकली होती. दुसऱ्यांदा ईश्वरीच्या वेळी. पोरगी अशी दचकली होती की सुईणबाईच्या हातून निसटता निसटता राहिली. पण पहिल्यांदा वाजली तेव्हा वैजयंताचा थोरला मुलगा नुसता पडून होता. पापणीसुद्धा हलली नव्हती. बारशाआधीच तो गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की, त्याच्या अधिवृक्क ग्रंथी जन्मापासून कामच करत नव्हत्या. अंगातलं मीठ-पाणी टिकेना, साधा धक्का सोसवेना. घरात मात्र सासूबाई एकच म्हणत राहिल्या, "अमावास्येला झालं ना पोर."

वैजयंताला डॉक्टरांचं पटलं होतं. अगदी पटलं होतं. पण माणसाचं मन म्हणजे काय शाळेचा फळा आहे पुसून टाकायला? दिनदर्शिकेत ईश्वरीची तारीख अमावास्येवर आलेली बघितली तेव्हा तिनं तारखा पुन्हा बोटांवर मोजल्या. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, पाठ करूनच, म्हणाली, "ईशू, तेवढी अमावास्या टळली असती तर बरं झालं असतं गं."

"एवढंच ना? थांब." ईश्वरीनं मोबाइल काढला. "इथं आहे बघ सोय. कळा पुढं ढकलायच्या. गर्भाशय शांत ठेवणारं संप्रेरक वाढवतं, कळा आणणारं दाबतं. अमावास्या उलटली की सोडून देणार. झालं!"

"बाळाला काही..."

"काही होत नाही. तू उगाच जीव काढतेस."

वैजयंताला खरं तर हायसं वाटलं. तिनं लेकीच्या गालावरून पिठाचा हात फिरवला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

* * *

अमावास्या गेली. चंद्राची कोर दिसली, ती वाढलीसुद्धा. कळा काही येईनात.

"येतील की," ईश्वरी म्हणायची. ती खिडकीत बसून स्वेटर विणायची. चेहऱ्यावर असं काही समाधान, की बघणाऱ्यानं म्हणावं, काय गुणाची पोर! वैजयंताला मात्र ते बघवेना. दिवस भरलेली बाई कशी असते ते तिला ठाऊक होतं. ती कण्हते, चिडते, मध्येच रडते, पोटाशी बोलते. ईश्वरी पोटाशी एकदाही बोलली नव्हती. पोट होतं, ती होती, दोघं शेजारी राहणाऱ्या भाडेकरूंसारखे.

आणि मग एका दुपारी, लोकरीचा गुंडा सोडवता सोडवता, ईश्वरी सहज म्हणाली, "आई, बाळ हलत नाहीये कालपासून."

वैजयंताच्या हातातलं पातेलं खाली पडलं. ताक फरशीभर झालं. ईश्वरीनं पाय वर घेतले आणि टाके मोजत राहिली.

"कालपासून? आणि तू आत्ता सांगतेस?"

"म्हणजे, हलतं मधूनच. कमी झालंय. उद्या दाखवू."

"उद्या नाही! ऊठ! ऊठ म्हणते ना!" वैजयंता एवढ्या जोरात ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ईश्वरी उठली, चप्पल शोधली, आणि जाता जाता म्हणाली, "ताक पुसून घेऊ या का आधी? चिकट होईल."

वैजयंतानं व्हॅन गल्लीबोळांतून भरधाव काढली. थाळीशेजारी निपचित पडलेला थोरला तिला पुन्हा पुन्हा दिसत होता. आपणच बोललो, ती मनाशी म्हणत होती, आपल्याच तोंडून गेलं. शेजारच्या सीटवर लेक खिडकीबाहेर बघत होती.

* * *

दवाखान्यात डॉ. तहसीन मुजावर होत्या. ग्रंथीविकारांच्या डॉक्टर, मूळच्या मिरजेच्याच, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी बाळाचे ठोके बघितले, रक्त तपासलं, यंत्रातली माहिती पडद्यावर उतरवली, आणि मग तीच माहिती पुन्हा पहिल्यापासून वाचली. वैजयंतानं पदराचं टोक मुठीत गच्च धरलं.

"वैजयंताताई, बाहेर या जरा," त्या शेवटी म्हणाल्या.

व्हरांड्यात त्या भिंतीला टेकल्या. "बाळंतपण कधी सुरू व्हायचं हे आईच्या हातात नसतं, बाळ ठरवतं. बाळाच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी तयार झाल्या की त्यांचा रस वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, जातो. मग वार आईच्या रक्तात एक निरोप सोडते: झालं आमचं, आता येऊ द्या. हा निरोप ज्या संप्रेरकानं जातो ना, ते कुठलं आहे माहितीये? जे घाबरल्यावर मेंदू सोडतो, तेच. हुबेहूब तेच."

"म्हणजे?"

"म्हणजे यंत्राला वाटतंय ईश्वरी घाबरलीये. ते तिला शांत करतंय. बाळ हाक मारतंय, यंत्र हाक दाबतंय. बाळ आणखी जोरात हाक मारतंय, यंत्र आणखी दाबतंय. अमावास्येपुरतं थांबायचं असं तिनं यंत्राला सांगितलं होतं, पण त्यात एक अट आहे, शरीर शांत झाल्यावरच सोडायचं. ते शांत होणार कसं? आत बाळ आहे!" डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी हे आधी पाहिलेलं नाही. कुणीच नसेल. कारण ज्यांना मुहूर्त हवा असतो ते सरळ सिझर करतात. त्यांचं यंत्र आम्ही आठवडाभर आधीपासून उतरवत आणतो. कळा रोखून नैसर्गिक बाळंतपणाची वाट बघत बसलेली तुमचीच लेक पहिली."

"मग आत्ता करा की सिझर! माझ्या पाया... मी पडते तुमच्या पाया."

"अहो, थांबा. पोटावर सुरी लागली की शरीर अधिवृक्कांना हाक मारतं, रक्तदाब सांभाळा म्हणून. यंत्र चालू असताना ती हाक पोचणारच नाही. मी बाहेरून औषध दिलं तर ते औषधसुद्धा दाबून टाकेल. टेबलावरच कोसळेल ती. यंत्र बंद केल्याशिवाय मी हात लावू शकत नाही."

"बंद करा मग!"

"ते फक्त तिला करता येतं. मोबाइलवर तिचाच अंगठा लागतो. बेशुद्ध असती तर मी केलं असतं, कायद्यानं मुभा आहे. पण ती शुद्धीत आहे. शांत आहे. कायद्याच्या भाषेत तिच्याइतकी शहाणी बाई या इमारतीत दुसरी नाही."

"किती वेळ आहे?"

डॉक्टरांनी दारातून आत, ठोक्यांच्या पडद्याकडं बघितलं. दंडात समधात नसलेल्या त्या दोघीच तिथं होत्या, आणि दोघींच्याही हातांना घाम सुटला होता.

* * *

ईश्वरी खाटेवर पाय पसरून बसली होती. डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली, एक-दोन प्रश्नही विचारले. हुशारच होती ती पहिल्यापासून.

"कळलं," ती म्हणाली. "यंत्र बंद केलं नाही तर बाळ जाईल."

"हो."

"आणि बंद केलं तर मला खूप त्रास होईल. सगळ्या ग्रंथी एकदम जाग्या होणार. बरोबर?"

"हो, पण आम्ही आहोत इथं."

"मग उद्या ठरवू या. मला आत्ता अगदी बरं वाटतंय."

वैजयंताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "ईशू, अगं उद्यापर्यंत बाळ राहणार नाही!"

"हो आई. कळलं मला ते." ईश्वरीनं आईकडं प्रेमळपणे बघितलं. खरंच प्रेमळपणे, आणि तेच फार भयंकर होतं. "तू पाणी पी बरं. किती घामेजलीयेस."

वैजयंतानं विनवलं. शपथ घातली. रागावली. थोरल्याची गोष्ट सांगितली, जी तिनं लेकीला कधी पूर्ण सांगितली नव्हती. तो कसा पडून होता, हातपाय कसे गार लागत होते. ईश्वरी "अरेरे" म्हणाली. जीभ योग्य जागी योग्य शब्द ठेवत होती, पण आत काहीच हलत नव्हतं. भिंतीवर डोकं आपटून घ्यावं, की हिच्या थोबाडीत द्यावी? वैजयंताला काही सुचेना. लेक समोर बसलेली, आणि तिच्यापर्यंत जायला रस्ताच नाही. पडद्यावर बाळाचे ठोके मंदावत चालले होते. नर्स डॉक्टरांकडं बघत होती, डॉक्टर जमिनीकडं.

वैजयंता खाली बसली. तिला रडायला यायला लागलं. रडता रडता तिनं लेकीचा हात हातात घेतला, लहानपणी घ्यायची तसा, आपल्या तळव्यात तिची बोटं मिटवून. आणि हातात हात आल्यावर तिला तिची व्हॅन आठवली.

व्हॅनच्या पोरांना तिचा एक नियम होता. सगळ्यात आधी तो ईश्वरीला शिकवला होता, चार वर्षांची असताना, स्टेशन रोड ओलांडताना. काकूनं हात दोनदा दाबला, की सांगेल ते करायचं. लगेच. का, ते पलीकडं गेल्यावर विचारायचं. ईश्वरी शाळेत होती तोवर रोज तो हात दाबला गेला होता. भीती वाटली म्हणून नव्हे, कळलं म्हणूनही नव्हे. नुसती सवय, आणि सवयीला कुठल्या ग्रंथीचा रस लागतो?

वैजयंतानं डोळे पुसले. मोबाइल लेकीच्या पुढ्यात धरला. आवाज तिनं कसाबसा साधा केला, रस्त्यावरचा.

"ईशू." तिनं हात दाबला. एकदा. पुन्हा. "अंगठा."

ईश्वरीच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. "पण आई, मी म्हटलं ना..."

"पलीकडं गेल्यावर विचार."

क्षणभर काहीच झालं नाही. मग ईश्वरीचा अंगठा, जणू तिचा नव्हेच, उचलला गेला आणि काचेवर टेकला. यंत्रानं विचारलं, नक्की? वैजयंतानं हात पुन्हा दाबला. अंगठा पुन्हा टेकला.

"चला!" डॉ. मुजावर ओरडल्या. "सुई द्या ती. टेबल तयार ठेवा!"

आधी काही वाटलं नाही. मग ईश्वरीच्या हातावर काटा आला. ओठांवर घाम उमटला. श्वास तोकडा झाला, डोळे मोठे झाले, आणि त्या डोळ्यांत कुणीतरी परत आलं. तिनं दोन्ही हात पोटावर दाबून धरले.

"आई!" ती किंचाळली. "आई, बाळ हलत नाहीये! कालपासून हलत नाहीये गं माझं बाळ!"

चाकांची खाट दारातून आत जाईपर्यंत ती तेच ओरडत होती. वैजयंता व्हरांड्यात उभी राहिली. लेकीची किंकाळी ऐकून आईला बरं वाटावं, असा दिवस आपल्या नशिबी येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

* * *

मुलगी झाली. जिवंत होती. श्वास घेत होती, रंग बरा होता. पण रडली नाही. तळव्याला टिचकी मारली तरी नुसती बघत राहिली.

"यंत्रातले थेंब वारेतून तिच्यापर्यंत गेलेत," डॉ. मुजावर म्हणाल्या. "तिच्या ग्रंथी नुसत्या निजल्यात की थकून गेल्यात, हे इतक्यात सांगता येणार नाही. औषध चालू केलंय. वाट बघायची."

दोन दिवसांनी बाळाला वॉर्डात ईश्वरीच्या कुशीत दिलं. ईश्वरीचे डोळे रडून सुजले होते. टाका दुखला की ती विव्हळायची, आणि जरा बाळाचा श्वास ऐकू आला नाही की आईला हाक मारायची. लांबलचक वॉर्ड. दोन्ही बाजूंना बाळंतिणी, साऱ्यांच्या दंडात समधात, साऱ्या निवांत. त्यांची बाळंही निवांत. दुपारची वेळ असून इतकी शांतता की पंख्याची करकर मोजता यावी.

वैजयंतानं पिशवीतून काशाची थाळी काढली. बरोबर लाटणं आणलं होतं.

"आई, नको," ईश्वरी पुटपुटली. "नाही दचकली तर?"

वैजयंताचा हात थबकला. पोर भिऊ नये म्हणून ही थाळी वाजवतात; आजवर प्रत्येक बाईनं हेच मागितलं असणार. ती उलटं मागत होती. तिच्या मनात देवाचं नावही येईना, नुसतं 'भी गं बाई, भी' एवढंच येत होतं.

तिनं थाळी वाजवली.

बाळ बघत राहिलं.

ईश्वरीनं तोंडावर हात दाबला. तेच डोळे, तेच निपचित पडणं, इतक्या वर्षांनी पुन्हा तेच. तिनं दात आवळले, लाटणं उगारलं आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून थाळीवर घातलं. काशाचा तो टणत्कार भिंतीवर आपटून वॉर्डभर घुमला.

बाळाचे दोन्ही हात फाकून वर उडाले. बोटं ताणली गेली, हनुवटी थरथरली, तोंड लाल झालं, आणि मग ते असं रडलं, असं रडलं, की जणू जन्मापासूनचं सगळं एकदम बाहेर काढत होतं.

"घाबरली!" ईश्वरीनं तिला छातीशी घट्ट धरलं. रडत होती, हसत होती. "आई, घाबरली गं ती!"

वैजयंताच्या हातातून थाळी सुटली आणि फरशीवर गरगरत, खणखणत दारापर्यंत गेली. वॉर्डात कुणी मान वळवली नाही. समोरच्या खाटेवरची बाई केळं सोलत होती, ती सोलत राहिली.